हयातीचा हंगाम

नोव्हेंबर लागला की आमच्या भागातले म्हातारे एकदम नीटनेटके होतात. एरवी पंचा नेसून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसणारी माणसं इस्त्रीचा सदरा चढवतात, दाढी करून घेतात, प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड, दोन फोटो आणि एक पेन भरून सकाळच्या एसटीने बाजाराच्या गावी निघतात. वाटेत कुणी 'खंय चललास?' म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. 'जिवंत आसंय म्हणान सांगूक.' त्यावर विचारणारा आणि सांगणारा दोघंही हसतात. हयातीचा दाखला द्यायचा हा महिना. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा समोर उभं राहायचं आणि आपण अजून आहोत हे दाखवून द्यायचं. जो दाखवणार नाही तो कागदोपत्री संपला.

मीसुद्धा एकेकाळी हा महिना हसत घालवायची. आता तो जवळ आला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पुण्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर भाजीवाला ऊस उभे करून ठेवतो, आवळ्या-चिंचांचे वाटे मांडतो, तुळशीचं लग्न आलं म्हणून बायका गर्दी करतात, आणि मी त्यातलं काही न घेता पुढे सटकते. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मी घरी होते, मालवणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात. तिथल्या माडीवरच्या खोलीत बसून मी दूरच्या एका देशातल्या तीनशे बारा म्हाताऱ्या माणसांचे हयातीचे कागद एका ओळीत पुसून टाकले होते. त्यांची माझी ओळख नव्हती, आजही नाही. तरी दर नोव्हेंबरात ती माणसं माझ्याकडे येऊन बसतात.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं, आणि तिथेच माझी पंचाईत होते. गावात मी 'कॉम्प्युटरवाली'. कुणाचा मोबाईल बंद पडला की तो माझ्याकडे येतो, आणि मला तो सुरू करता आला नाही की माझ्या शिक्षणाबद्दल शंका घेतली जाते. माझा संबंध मेनफ्रेम नावाच्या एका जुन्या अवाढव्य यंत्राशी. ते आहे समुद्रापलीकडच्या एका थंड देशात, पेन्शन वाटणाऱ्या एका संस्थेत. त्या एका यंत्राच्या पोटात शेकडो छोटी यंत्रं असल्याचं भासवलेलं असतं. जो आत शिरतो त्याला वाटतं की हे सगळं आपल्या एकट्याचंच. त्याला स्वतःचा प्रिंटर मिळतो, भोकं पाडलेली कार्डं वाचणारं एक यंत्र मिळतं, कार्डांना भोकं पाडणारं दुसरं मिळतं. यातलं हाताला लागेल असं काहीच नसतं. कार्डं तर मी नोकरीला लागायच्या आधीच जगातून गेली. पण नावं आणि रीत मागे राहिली. आजही तिथे कुणी कुणाला काही पाठवलं की ते त्याच्या कार्डांच्या रांगेत जाऊन पडतं, ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या ओळींत.

छापायच्या कागदाचंही तेच. 'छाप' म्हटल्याबरोबर काही छापलं जात नाही, ते रांगेत उभं राहतं. या रांगेला स्पूल म्हणतात. लग्नघरी पहिली पंगत उठेपर्यंत दुसऱ्या पंगतीची माणसं कडेला ताटकळतात ना, तशा तिथे फाईली ताटकळतात. प्रत्येक फाईलला नंबर असतो. कुणाला पुढे घ्यायचं, कुणाला थांबवून ठेवायचं, कुणाला दुसऱ्याच्या रांगेत पाठवायचं आणि कुणाला पुसायचं, हे बघणारी माणसं आम्ही. जागा मोजकी असते. ती भरत आली की यंत्र बजावायला लागतं, आणि पूर्ण भरली तर सगळ्यांचंच काम ठप्प. म्हणून जुनं, बिनकामाचं अधूनमधून पुसावं लागतं. पुसलेली फाईल परत आणता येत नाही.

मला हे काम मुंबईत फर्नांडिस सरांनी शिकवलं. त्यांनी उमेदीत खरी कार्डं हाताळलेली होती. गठ्ठा रचून झाला की त्याच्या वरच्या कडेवर ते पेन्सिलीने तिरकी रेघ ओढायचे, म्हणजे हातातून गठ्ठा पडून कार्डं विखुरली तरी रेघेवरून पुन्हा क्रम लावता येतो. ही युक्ती ते मला मोठ्या अभिमानाने सांगायचे, आणि मी मनात म्हणायची, मला काय करायचंय, माझ्या हातून काय पडणार आहे. त्यांचा दुसरा धडा मात्र कामाचा होता. नंबर बघून पुसायचं नाही. आधी रांग बघायची, फाईल कुणाची आहे ते बघायचं, मग हात लावायचा. 'नंबर भाड्याचा असतो बाई,' ते म्हणायचे, 'आज ह्याचा, उद्या त्याचा.' कारण नंबर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत जातात आणि पुन्हा एकपासून सुरू होतात. जुनी फाईल गेली की तिचा नंबर फिरून येतो आणि भलत्याच फाईलला लागतो. गर्दीच्या दिवसांत असा फेरा एका दिवसातही पुरा होतो. वीस वर्षं मी हा नियम पाळला, नव्या मुलांना शिकवला, आणि ते कंटाळले तर त्यांना बोललेही.

घरी कशी होते तेही सांगते. आप्पा, म्हणजे माझे वडील, कसालच्या बाजूला प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त होऊन गावी आले, आई गेल्यावर एकटेच राहायचे, आणि त्यांचं छान चाललंय असं आम्ही दोघंही एकमेकांना सांगत होतो. त्या वर्षी आषाढात ते विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि खुबा दुखावला. ऑफिसात तेव्हा घरून काम करायची मुभा होती. मी लॅपटॉप उचलला, दोन बॅटऱ्या विकत घेतल्या आणि घरी आले. आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते आणि पडला तरी जाते, त्यामुळे माझं काम अधूनमधून तुटायचं. आमच्या गटाचा प्रमुख निखिल माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला नंदाताई म्हणणारा, स्वभावाने चांगला. पण तोही दर आठवड्याला म्हणायला लागला होता की ताई, वरून विचारणा होतेय, आणखी एकदा काही अडलं तर मला तुम्हाला पुण्यात बोलवावं लागेल. आप्पा तेव्हा काठी घेऊन पडवीपर्यंत चालायला लागले होते. न्हाणीघरात जाताना अजून माझा खांदा लागायचा.

तो नोव्हेंबर सुरेख होता, याचाच मला राग येतो. पावसाने धुपलेलं खळं आम्ही माणूस लावून चोपून घेतलं होतं, शेणाने सारवलं होतं, आणि ते वाळताना त्याचा वास माझ्या खिडकीत यायचा. भात झोडून झालेलं. गवताची उडवी रचलेली. सकाळी खाडीवर पातळ धुकं, दुपारी लख्ख ऊन, आणि चार वाजले की सावल्या माडाच्या बुंध्यांपासून थेट पाण्यापर्यंत. शेजारच्या शेवंतीकाकी कुळथाच्या शेतातून येताना आप्पांना हाक मारून जायच्या आणि आप्पा त्यांना मुद्दाम काहीतरी तिरकं बोलायचे. त्या थंड देशातही तेव्हा हयातीचाच हंगाम होता. तिथली पद्धत वेगळी. संस्था प्रत्येक पेन्शनवाल्याला टपालाने एक कागद पाठवते, त्यावर सही करून तो परत धाडायचा. नाही आला तर एक आठवण जाते, आणि मग पेन्शन थांबते. ते सगळे कागद आमच्या रांगेतून जायचे. एका गावचे म्हातारे एसटीने बँकेत जात होते, दुसऱ्या गावचे माझ्या पडद्यावर ओळीने उभे होते.

बुधवारची गोष्ट. जागा भरत आल्याचा इशारा यंत्र आदल्या दिवसापासूनच देत होतं. मंगळवारी संध्याकाळी मी रांग तपासली, चाचणीसाठी बनवलेल्या सतरा जुन्या फाईली शोधल्या आणि त्यांचे नंबर कॅलेंडरच्या फाडलेल्या पानावर मागच्या बाजूला लिहून काढले. आता पुसणार, एवढ्यात परसातल्या माडाची सुकी झावळ तारेवर पडली आणि लाईट गेली. बॅटरीवर लॅपटॉप चालला, पण थोड्या वेळाने टॉवरही गेला. लाईट आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. आल्याबरोबर पाहते तो इशारा लाल झालेला, निखिलचे चार निरोप, आणि खाली आप्पा न्हाणीघराकडे निघालेले. मी समोरचं पान ओढलं, सतराही नंबर एका ओळीत लिहिले आणि बटण दाबलं.

यंत्राने उत्तर दिलं, एक फाईल पुसली.

मी सतरा सांगितल्या होत्या. ती ओळ वाचली त्याच क्षणी मला अर्थ कळला. त्या सतरा फाईली निखिलने रात्रीच पुसल्या होत्या. तसं त्याने आमच्या सामायिक नोंदवहीत लिहिलंही होतं, मी ते उघडून पाहिलं नव्हतं. मोकळे झालेले नंबर फिरून दुसऱ्या फाईलींना लागले होते, आणि त्यातल्या सोळा फाईली छापून होऊन निघूनही गेल्या होत्या. एक तेवढी थांबली होती. तिला खास कागद लागणार होता, खाली फाडून द्यायची पावती असलेला, आणि तो गाडीतून यायचा होता म्हणून कुणीतरी तिला थांबवून ठेवलं होतं. यंत्राच्या नोंदीत फाईलचं नाव होतं, एका विभागाचं नाव होतं, आणि आकडा होता. तीनशे बारा.

खालून आप्पांनी हाक मारली. मी गेले, त्यांना खांदा दिला, पाणी काढून दिलं. ते म्हणाले, 'काय झाला गो? तोंड कित्या असा?' मी म्हटलं, काय नाय, लाईटीचा लचांड.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्या संस्थेच्या माणसांनी मूळ नोंदींवरून तो गठ्ठा पुन्हा बनवला असता, एक दिवसाचा उशीर, बस. मी सांगितलं नाही. सांगितलं तर पुण्याला जावं लागेल आणि आप्पा एकटे पडतील, हे एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. मग मी स्वतःला एकेक गोष्ट पटवत गेले. कागदाची गाडी आली की कुणाच्या तरी लक्षात येईलच. आठवणीचं पत्र तर वेगळं जातंच. नोंद आहे, म्हणजे मी काही लपवलेलं नाही, फक्त बोलले नाही. गुरुवार गेला. शुक्रवारी खळ्यात तुळशीचं लग्न लागलं, शेवंतीकाकींची सून अंतरपाट धरून उभी राहिली, आप्पांनी खुर्चीत बसून मंगलाष्टकं म्हटली आणि मुलांनी अक्षतांपेक्षा चिरमुऱ्यांकडेच लक्ष ठेवलं. मी हातावर चिरमुरे, गूळ, खोबरं ठेवत फिरत होते आणि मला दिसत होतं एक दार, दाराला पत्राची फट, आणि त्या फटीतून आज काही पडलं का ते बघायला सकाळी उठून येणारी एक म्हातारी. तिला हंगाम ठाऊक असणार, जसा आप्पांना ठाऊक असतो. पत्र येणार म्हणून तिने पेनही काढून ठेवलं असेल. एवढं दिसूनही मी शनिवारी बोलले नाही, रविवारीही नाही. स्वतःबद्दल असं काही कळलं की ते पुन्हा विसरता येत नाही.

सोमवारी आप्पांचा दाखला होता. त्यांचं पेन्शनचं खातं अजून कसालच्या बँकेत आहे. मालवणात हलवा म्हटलं तर म्हणतात, थंय माका वळाखतत. गेली काही वर्षं यंत्र त्यांच्या बोटांचे ठसे घेत नाही. खडू, चिरे आणि कुदळ यांनी बोटं पार गुळगुळीत केलीत. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी नखं कापली आणि दहाही बोटांना खोबरेल चोळलं. रिक्षाने आम्ही गेलो. रांगेत पंचवीसेक म्हातारे, सगळे एकमेकांना ओळखणारे, कुणाचा गुडघा, कुणाचा मोतीबिंदू असं चाललेलं. काउंटरवरची मुलगी नवी होती, घाटावरून आलेली, बोलायला गोड.

'आजोबा, अंगठा ठेवा,' ती म्हणाली. मग, 'परत एकदा.' मग, 'आता हे बोट बघू.' उजवा हात संपला, डाव्याची तीन बोटं झाली. लाल दिवा काही हलेना.

'मशीन घेत नाहीये, आजोबा.'

आप्पा अशा ठिकाणी शाळेतली मराठी बोलतात. 'मशीनला मी ओळखू येत नसेन, बाळ. पण तुम्हाला मी दिसतोय ना?'

'दिसताय की. पण मला दिसून काय उपयोग?'

शेजारी सहदेव उभा होता, बँकेचा शिपाई, आप्पांचा जुना विद्यार्थी, स्वतःच निवृत्तीला आलेला. तो म्हणाला, 'गुरुजी, मी वळाखतंय तुमका. पण माझ्या वळाखण्याक हंय कोण इचारता?'

'अभ्यास केलो असतंस तर इचारला असता कोणीतरी,' आप्पा म्हणाले, आणि सगळी रांग हसली.

मी हसू शकले नाही. आप्पा तिथे सगळेच्या सगळे उभे होते, काठीसकट, तेलाच्या वासासकट. त्यांना ओळखणारा एक माणूस होता, लेक बरोबर होती, मागे पंचवीस साक्षीदार होते, आणि तरीही ते आहेत हे ठरत नव्हतं. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं, नुसता एक कागद यायचा होता, तो मी पुसला होता. मुलीने विचारलं, तेल लावलंय का? आप्पांनी कबूल केलं. तिने त्यांना साबणाने हात धुऊन यायला सांगितलं. सहदेवने पाणी घातलं, मी पदराने बोटं कोरडी केली. डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटावर दिवा हिरवा झाला.

'झालं आजोबा. आहात तुम्ही,' मुलगी म्हणाली.

'आभारी आहे,' आप्पा म्हणाले.

नाक्यावरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. भजीची बशी मधे होती. मी आप्पांना सगळं सांगितलं, झावळीपासून. त्यांना मेनफ्रेम कळत नाही, पण हजेरीपट कळतो. हजेरीपटातून एका वर्गाची पानंच फाडली असं मी म्हटलं, तेव्हा त्यांचा हात थांबला.

'पुसलंस म्हणजे? परत लिवन काढूक येणा नाय?'

'येता. पण तेंका सांगूक व्हया. सांगलंय तर माका पुण्याक बोलवतले.'

'कधीपासून गप आसंस?'

'पाच दिस.'

आप्पांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत राहिले. 'माझो दाखलो झालो,' ते म्हणाले. 'तेंचो रवलो.'

'आणि तुमका कोण बघतला?'

'माका शेवंती आसा, सहदेव आसा, अख्खी वाडी आसा. तेंका कोण आसा काय, तुका म्हायत आसा?'

मला माहीत नव्हतं. त्यांनी उरलेली भजी माझ्याकडे सरकवली आणि रिक्षावाल्याला हाक मारली.

घरी येऊन मी निखिलला फोन केला. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, 'कधी झालं हे, ताई?'

'बुधवारी.'

'आज सोमवार आहे.' मग तो म्हणाला, 'फाईल माझ्या हातूनही गेली असती. रात्रीची कामं मीही अशीच करतो. पण पाच दिवस, ताई?'

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. गठ्ठा पुन्हा बनला, छापला, टपालात पडला. उत्तरासाठी आठ दिवस वाढवून दिल्याची चिठ्ठी सोबत गेली. त्या थंडीत मी रोज परत आलेल्या कागदांचा आकडा बघायची. त्याची मला काही गरज नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं. दोनशे ऐंशी झाले, दोनशे पंच्याण्णव झाले. इकडे आंब्याला मोहोर आला, शिमगा जवळ आला, आणि आकडा तीनशे एकवर थांबला. अकरा जणांचे कागद आले नाहीत. त्यांची पेन्शन थांबवली गेली. मला जी यादी बघता यायची तिच्यात नावं नव्हती, फक्त पेन्शनचे अकरा नंबर होते.

मी त्या संस्थेतल्या एका बाईंना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. एवढ्या संख्येत दरवर्षी दहा-बारा कागद परत येत नाहीतच, माणसं वयस्क आहेत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते खरंच असेल. त्या अकरांतले सगळेच खरोखर गेलेले असतील. किंवा एखादी म्हातारी नेहमीच्या दिवसांत पत्र आलं नाही म्हणून मुलीकडे राहायला गेली असेल आणि पत्र मागून येऊन दाराच्या आत पडून राहिलं असेल. एखादा इस्पितळात असेल. एखाद्याने आठ दिवस वाढवल्याची चिठ्ठी वाचलीच नसेल. हे वेगळं काढता येत नाही. पाच दिवसांचं माप कशाला लावायचं तेच मला कळत नाही, आणि दर नोव्हेंबरात मी ते पुन्हा लावून बघते.

रांगेचं काम करणाऱ्यांनी ऑफिसातूनच करावं असा नियम चैत्रात झाला. निखिलने मला दुसऱ्या गटात, घरून चालणारं काम देऊ केलं होतं, खरं तर. मी नको म्हटलं. ही रांग सोडून जाणं मला पळून गेल्यासारखं वाटलं, आणि आप्पांनीही तेच धरलं. खुबा सावरला होता. शेवंतीकाकी सकाळी एकदा डोकावतात, सून दुपारी, आणि संध्याकाळी सात वाजता माझा फोन. तिसऱ्या घंटीला आप्पा उचलतात. पहिल्या घंटीला उचलला तर आपण वाट बघत बसलो होतो असं दिसेल, म्हणून तिसरी.

यंदा महिना लागताच मी दोन दिवस जाऊन आले. आता दाखल्यासाठी कसालला जावं लागत नाही, फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला की होतं. फोन सांगतो, डोळे मिचकवा. आप्पा एकटक बघत बसले. मी म्हटलं, मिचकवा ना. तर म्हणाले, 'जन्मभर पोरांका सांगलंय, मास्तरासमोर डोळे मिचकावचे नाय.' चौथ्या खेपेला डोळ्यात चुलीचा धूर गेला म्हणून पापणी लवली आणि फोनने त्यांना हयात ठरवलं. त्यांना कसालची फेरी चुकल्याचं मात्र वाईट वाटलं. सहदेव आता स्वतःच दाखल्याच्या रांगेतला झालाय, असं ते मला दोनदा म्हणाले.

काल संध्याकाळी सात वाजता मी फोन केला. तिसरी घंटी झाली, सातवी झाली, बंद झाली. पाच मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. शेवंतीकाकींचाही लागला, पण कुणी उचलला नाही. ऑफिस रिकामं होत आलं होतं, समोर पडद्यावर हंगामाची रांग चालू होती, आणि माझ्या मनाने आपोआप हिशोब मांडला, जसा ते यंत्र मांडतं. पाठवलं. आठवण केली. उत्तर नाही. विहिरीची पायरी दिसली, न्हाणीघराचा ओला दगड दिसला. मी जागेवरून उठले, पुन्हा बसले. आठ वाजून गेले तेव्हा फोन वाजला.

'काय गो? सात फोन?'

'आप्पानू, खंय होतास?'

'देवळात. आज जत्रा मा आपली. तुका म्हायत नाय?'

मला माहीत नव्हतं. पुण्यात बसून मी तिथीच विसरले होते. मागे ढोल ऐकू येत होता, शेवंतीकाकी कुणाला तरी जत्रेतला गोड खाजा द्यायला सांगत होत्या.

'आणि फोन?'

'तो घराक. पिशवी हाडूक शेवंतीच्या नातवाक घराक धाडलंय, तेवा तो फोन पण घेवन इलो. देवळात फोन घेवन कोण जाता?'

मी म्हटलं, काय नाय, सहज. त्यांना कळलं. ते कुठेतरी बाजूला गेले असावेत, कारण ढोल मागे पडला. 'आसंय गो,' ते म्हणाले. 'आसंय. लिवन घे.'

कॅलेंडरचं ते पान अजून माझ्या पर्समध्ये असतं, सतरा नंबरांचं. त्याच्या खाली मी कालची तारीख आणि वेळ घातली आणि लिहिलं, आप्पा आहेत. मग पडद्याकडे वळले. त्याच विभागाची या वर्षीची फाईल रांगेत होती, खास कागदाची वाट बघत थांबवलेली. मला तिच्याशी काही करायचं नव्हतं. तरी मी ती उघडली आणि पहिल्या पानापासून नावं वाचत गेले, एकेक नाव, गल्ली, जन्माचं वर्ष. ती अकरा जणं तिच्यात नसणार हे मला ठाऊक होतं. त्यांची नावं मी पुसण्याआधी वाचली नव्हती, त्यामुळे कोण नाही हेही मला ओळखता येणार नव्हतं. मी शेवटच्या नावापर्यंत वाचलं.